कुरडईचा चीक ड्रिलने घोटला तर?

पऱ्हाटी | ३ एप्रिल, रात्री १०.१२

मंडळी, हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

आमच्या घरी दरवर्षी एप्रिलात तीन किलो गव्हाच्या कुरडया होतात. गहू मी भिजवते, वाटणं-गाळणं दोघी मिळून करतो, पण चीक शिजवताना चाटू आईच्याच हातात. दिवाळीपासून तिचा उजवा खांदा धरला आहे. हात कानाच्या वर जात नाही. घोटणं, लाटणं, पिळणं सगळं बंद. "यंदा विकतच्या आणू" असं तीच म्हणाली, आणि त्यानंतर बराच वेळ काही बोलली नाही.

मागच्या वर्षी एक गंज मी घोटला होता. गाठी झाल्या. सोऱ्यातून तार तुटत होती आणि तळल्यावर मध्येमध्ये पांढरे खडे. बाबांची दाढ दुखावली, ते अजून ऐकवतात.

आता मुद्दा. घरात रंगकाम चालू आहे. काल पेंटरने बादलीत पुट्टी कालवली. ड्रिलला हातभर लांब दांडा, खाली वळलेली पाती. दोन मिनिटांत सगळी पुट्टी लोण्यासारखी, एक गाठ नाही. मी आईकडे पाहिलं तर ती आधीच माझ्याकडे पाहून राहिली होती.

माझ्याकडे स्वतःचं बॅटरीवरचं ड्रिल आहे, १२ व्होल्टचं. (हो, माझंच. घरातले सगळे पडदे मीच लावले.) तसा एक नवा दांडा आणून, घासून, उकळत्या पाण्यातून काढून वापरला तर चालेल का? कोणी केलं आहे का असं काही?

तर्री_पोहे | ३ एप्रिल, रात्री १०.२०

करून पाहा न ताई. उरलेल्या चिकानं भिंतीच्या भेगा पण भरून घेजा. पेंटरची मजुरी वाचते.

मुळामुठा | ३ एप्रिल, रात्री १०.४१

माफ करा, पण गंज घोटला म्हणजे? गंजलेल्या भांड्यात तुम्ही अन्न शिजवता?

तर्री_पोहे | ३ एप्रिल, रात्री १०.४३

हाव. आम्ही गंजातच वरण शिजवतो, गंजातच दूध तापवतो. पाहुणे आले का मोठा गंज काढतो.

पऱ्हाटी | ३ एप्रिल, रात्री १०.५०

मुळामुठा, आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं हो. त्याचं ऐकू नका.

लोहाओळी | ४ एप्रिल, सकाळी ६.०५

ताई, कल्पना वाईट नाही. दांडा वाईट आहे. तो आणू नका.

चाळीस वर्षं लेथवर काढली, म्हणून सांगतो. पुट्टीचा दांडा साध्या लोखंडाचा असतो, वरून जस्ताचा मुलामा किंवा रंग. पुट्टीला त्याचं काय. पण तुमचा गहू तीन दिवस पाण्यात राहतो, आंबतो, म्हणून तर चिकाला तो वास येतो. आंबट पदार्थ जस्ताला खातो. मुलामा सुटून अन्नात उतरतो, आणि पोटात जस्त जास्त गेलं की मळमळ, उलट्या. पितळेच्या भांड्याला कल्हई करून घेत होतो ते याच जातीच्या कारणासाठी. उकळत्या पाण्यातून काढल्यानं जंतू जातील, जस्त जात नाही.

स्टेनलेसचा बनवून घ्या, ३०४ नंबरचा. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, "पाहा, चिकटत नाही, ३०४ आहे". त्यावर जाऊ नका. २०२ ला पण चुंबक चिकटत नाही आणि तो स्वस्त माल लवकर डागाळतो. सरळ भांडीवाल्या फॅब्रिकेटरकडे जा, जो हॉटेलांची ओटे-सिंक बनवतो. त्याच्याकडे ३०४ चे तुकडे पडलेले असतात. आर्गनचं वेल्डिंग करायला सांगा आणि सांधा पॉलिश करून घ्या, बोट फिरवलं तर खाच लागता कामा नये. खाचेत चीक बसला की दुसऱ्या दिवशी तिथंच सडते.

दांड्याचं वरचं टोक षटकोनी घासून घ्या. ड्रिलच्या चकला, म्हणजे दांडा धरणाऱ्या तोंडाला, तीन जबडे असतात, षटकोन बरोबर धरून ठेवतात. गोल दांडा जोर आला की चकमध्ये नुसता फिरतो.

वीजतार | ४ एप्रिल, सकाळी ९.३०

लोहाओळी काकांना अनुमोदन. माझं एकच: वायरवालं ड्रिल गॅसजवळ नको. ड्रिलच्या अंगावर हवेच्या फटी असतात, पंखा त्यातून हवा ओढतो. उकळत्या गंजावर धरलं तर वाफ आत, आत २३० व्होल्ट आणि धरणाऱ्याचा हात घामानं ओला. बॅटरीवालं आहे हे चांगलं आहे. तरी वाफेत धरू नका, बिचाऱ्याचं आयुष्य जाते.

आणि ते वापरून तापलेलं असताना लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरीला ४०-४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसते. आपल्या एप्रिल-मे मध्ये गच्चीवर तेवढं सावलीतच असते. चार्जरचा लाल दिवा लुकलुकून राहिला तर तो बिघडला नाही, तो तुम्हाला सांगून राहिला की थांबा. खाली कूलरसमोर ठेवा, अर्ध्या तासाने लावा.

मनीषनगरची_केकवाली | ४ एप्रिल, दुपारी २.१५

मी केलं आहे! चीक नाही, क्रीम.

दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला माझा हँड मिक्सर गेला. सकाळी नऊला दोन किलोचा केक द्यायचा होता. नवऱ्याचं ड्रिल काढलं, मिक्सरचंच एक बीटर चकमध्ये कसलं, हॅमर बंद केला (हे विसरू नका, नाहीतर बीटर धडधड आपटतं) आणि हळूहळू सुरू केलं. क्रीम मस्त फुललं. उचलून पाहिलं तर पांढऱ्याशुभ्र क्रीमवर काळी पूड, मिरपूड भुरभुरावी तशी. चकच्या जबड्यांतलं ग्रीस आणि मागच्या महिन्यात भिंतीला पाडलेल्या भोकांची धूळ. सगळं फेकलं, रडले, चॉकलेट केक करून दिला.

तेव्हापासून माझा जुगाड: श्रीखंडाच्या डब्याचं झाकण घ्यायचं, मधोमध दांड्याच्या मापाचं भोक पाडायचं आणि बीटरच्या दांड्यात छत्रीसारखं चढवायचं. वरून जे पडेल ते झाकणात. मी तर आता एक चक वेगळंच घेऊन ठेवलं आहे, ते भिंतीला लागतच नाही.

क्रीमसाठी भांडं मात्र बर्फात ठेवावंच लागते. दहा अंशांच्या वर क्रीम नीट फुगत नाही, आणि आपल्याकडे नळाचं पाणीच चहाला टाकण्यासारखं येते.

हीट गन पण आहे माझ्याकडे. टिनला चिकटलेला केक सोडवायला आणि गनाशला (केकवरच्या चॉकलेटच्या थराला) चमक आणायला झकास, दोन-चार सेकंद, लांबून. पण ती नवीच घ्यायची, जुना रंग काढायला वापरलेली कधीच नाही. आणि ६ अँपिअरच्या बारक्या प्लगला लावायची नाही. मी लावली. प्लग पिवळा झाला, मग वास आला. १८०० वॅटला जवळपास ८ अँपिअर लागतात हे मला वायरमननं नंतर शिकवलं, पैसे घेऊन.

तर्री_पोहे | ४ एप्रिल, दुपारी २.४०

हीट गनवर भरताचं वांगं भाजलं होतं मी. वीस मिनिटं हात अवघडला. साल अशी काळी का फोटोत कोणी ओळखणार नाही. कापलं तर आत कच्चं, बिया पांढऱ्या. बायको म्हणे, आता हे रंगवून टाका.

आजीचा_सोऱ्या | ४ एप्रिल, दुपारी ४.००

वांग्याला वरून जाळ पुरत नाही रे बाबा. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या आगीत भाजतो तेव्हा खाली निखारा राहतो, तो आतपर्यंत शिजवत नेतो, आणि धूर लागतो तो वेगळाच. तुझ्या बंदुकीत धूर कुठला?

बरं, पऱ्हाटी. तुझी गाठ हात कमी पडल्यानं झाली नाही. मी साठ वर्षं कुरडया करून राहिली, ऐक.

गाळलेला चीक रात्रभर ठेवला की खाली दगडासारखा बसतो न? वरचं पिवळं पाणी ओतून दिलं की बुडाला पांढरी फरशी. ती फरशी सगळी मोडून, एकजीव करून मगच मोजायचा असतो. पोरी काय करतात, वरवर ढवळतात, पातळ झालं असं वाटते, वाटीनं मोजून उकळत्या पाण्यात ओततात. पहिल्या दोन वाट्या पातळ, शेवटची घट्ट, आणि बुडाचे खडे तसेच आत. मग चाटू कितीही फिरव. बाहेरून शिजलेला खडा आतून मोडत नाही. तुझ्या बाबांची दाढ त्या खड्यानं गेली.

म्हणून तुझं यंत्र गॅसवर नको, त्याच्या आधी लाव. फरशी मोडायला. माझी सून तिथंच दमते.

पऱ्हाटी | ४ एप्रिल, सायंकाळी ७.२२

आजी, हे कोणीच सांगितलं नव्हतं मला. आईला वाचून दाखवलं तर म्हणे, "मी सांगितलं होतं, तू मोबाइलमध्ये होतीस."

उद्या इतवारी बाजारात जाते दांड्यासाठी. एक किलो गहू आज भिजत टाकला, आधी छोटी खेप.

बँकेतल्या_काकू | ५ एप्रिल, सकाळी ११.१०

अवांतर: आमच्याकडे आलूच्या चिप्स वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये फिरवतात. उकळत्या पाण्यातून काढलेल्या चकत्या स्वच्छ उशीच्या अभ्र्यात बांधायच्या, दीड मिनिट. पाणी निथळून जाते, मग गच्चीवर एका उन्हात कडकडीत. आधी ड्रायर नुसत्या पाण्यानं दोनदा फिरवून घ्यायचा, नाहीतर चिप्सला निळ्या साबणाचा वास. माझ्या पहिल्या वर्षीच्या चिप्स उपवासाला नणंदेनं खाल्ल्या आणि म्हणाली, वहिनी, फारच स्वच्छ लागतात.

मुळामुठा | ५ एप्रिल, दुपारी १.०५

मजा वाटते आहे वाचून, पण एक शंका. स्वयंपाकासाठी बनवलेली यंत्रं असताना सुताराची, पेंटरची हत्यारं कशाला? पिढ्यान्‌पिढ्या हातानं केलेल्या गोष्टींचा पोतच वेगळा असतो.

मनीषनगरची_केकवाली | ५ एप्रिल, दुपारी ३.३०

मुळामुठा, तुम्ही केकवर संत्र्याची साल किसता का? ती बारीक दातांची लांब किसणी, जी आता सगळे बेकर वापरतात, ती मुळात लाकूड तासायची कानस होती. अमेरिकेत आर्कान्सामधल्या कारखान्यात सुतारांसाठी बनायची. १९९४ च्या सुमाराला कॅनडात ओटावामध्ये एका हत्यारांच्या दुकानदाराच्या बायकोची जुनी किसणी चालेना, केकसाठी संत्र्याची साल हवी होती, तिनं नवऱ्याच्या दुकानातली नवी कानस उचलली. साल रेशमासारखी निघाली. दुकानाच्या कॅटलॉगमध्ये तसं छापलं आणि कानस स्वयंपाकघरात आली ती आलीच.

आपल्या संत्र्याला मात्र ती थेट चालत नाही हं. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते. किसणी लावली की साल दबते आणि दात रिकामे फिरतात. मी आधी सोलते, साल पाटावर उपडी पसरते, म्हणजे नारिंगी बाजू वर, आणि किसणी तिच्यावरून फिरवते. पांढरं लागायच्या आत थांबायचं, ते कडू.

लोहाओळी | ५ एप्रिल, रात्री ८.४५

मिक्सर तरी काय आहे? आत तीच मोटर, तेच कार्बन ब्रश. ड्रिलचं पोट उघडा, मिक्सरचं उघडा, सख्खे भाऊ निघतात. फरक वेगाचा. मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे मारतो, ड्रिल पहिल्या गिअरला चारशेच्या आसपास, पण जोर जास्त. वाटायला वेग पाहिजे, घोटायला जोर. म्हणून चीक मिक्सरमध्ये टाकून जमत नाही आणि चटणी ड्रिलनं होत नाही.

मिक्सर सुद्धा आपल्याकडे अशाच नडीतून आला. १९६३ मध्ये मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते, सीमेन्समध्ये. घरचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे बंद पडला, दुरुस्त होईना. बायको माधुरी म्हणाल्या, मग तुम्हीच बनवा. त्यातून पुढे सुमीत मिक्सर आला. तेव्हाही पाट्याचा पोत वेगळा असं म्हणणारे होतेच, आणि ते खोटं बोलत नव्हते. पण पाटा त्यांच्या बायका वाटत होत्या.

रवीचं एक सांगतो. माझ्या मेहुण्यानं ड्रिलला रवी लावून ताक केलं. सगळी साय रवीबरोबर गोल गोल फिरायला लागली, मध्ये खड्डा, लोणी काही येईना. दोरीची रवी आठवा. एकदा इकडे, एकदा तिकडे. फिरायला लागलेल्या सायीला ती लगेच उलटा धक्का देते, म्हणून साय आपटते आणि लोणी सुटते. ड्रिल एकाच दिशेला पळते. मी त्याला म्हटलं, उलट-सुलटचं बटन आहे न त्याला? दहा सेकंद असं, दहा सेकंद तसं, आणि रवी भांड्याच्या मधोमध नको, थोडी बाजूला धर. आलं लोणी.

पऱ्हाटी | ७ एप्रिल, सकाळी १०.३५

अहवाल क्रमांक एक: फजिती.

दांडा मिळाला. लोहा ओळीपासून (लोखंडी सामानाच्या दुकानांची गल्ली) दोन गल्ल्या आत एक फॅब्रिकेटर भेटले, त्यांना चित्र काढून दाखवलं. "कशासाठी?" म्हणाले. "कुरडईसाठी." त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं, आणि मग पॉलिश दोनदा करून दिली.

आज सकाळी चिकावरचं पाणी ओतून दिलं. खाली आजी म्हणतात तशी फरशी. दांडा टेकवला, श्रीखंडाचं झाकण वर, ट्रिगर पूर्ण दाबला. काय झालं असेल? दांडा जागच्या जागी थिजला, जणू सिमेंटमध्ये रोवला आहे. फिरला कोण? गंज. माझ्या हाताला असा हिसका बसला की ड्रिल सुटलं, गंज ओट्यावरून अर्धा बाहेर, आईनं डाव्या हातानं कान पकडला म्हणून वाचला. वाटीभर चीक सिलेंडरवर. बाबा दारात उभे राहून फक्त "दाढ" एवढंच म्हणाले.

विचित्र म्हणजे, घाबरून हात काढला तर तोच दगड चीक दांड्यावरून दह्यासारखा ओघळून राहिला होता!

लोहाओळी | ७ एप्रिल, सकाळी १०.५२

मनगट ठीक आहे न? आधी ते सांगा.

चूक माझी, वेगाचं मी नीट सांगायला पाहिजे होतं. दाट चिकाची खोडच ती. पिठाचे कण पाण्यात खच्चून भरलेले असतात. हळू हात लावला की मधलं पाणी त्यांना सरकू देते. एकदम जोर केला की पाणी बाजूला होते आणि कण एकमेकांत अडकून बसतात. ओल्या चिकावर बुक्की मारून पाहा, ओट्यासारखा लागेल. बोट हळू टेकवा, बुडेल.

तर तीन गोष्टी. एक, पहिला गिअर आणि ट्रिगर अगदी चिमटीत, दांडा डोळ्यांनी मोजता येईल इतका हळू. दोन, चकमागे आकडे लिहिलेली रिंग आहे, ती २ किंवा ३ वर ठेवा. दांडा अडला तर आतला क्लच कटकट करून सुटतो, मनगट पिळत नाही. ड्रिलचं चित्र असलेल्या खुणेवर ठेवलं असेल तुम्ही, तिथं क्लच सुटत नाही. तीन, गंजाखाली ओला टॉवेल, आणि कान धरायला दुसरा माणूस.

पऱ्हाटी | ७ एप्रिल, सकाळी ११.०४

मनगट ठीक. रिंग ड्रिलच्या चित्रावरच होती. तुम्ही इथून कसं पाहिलं काका?

आजीचा_सोऱ्या | ७ एप्रिल, दुपारी १२.२०

चीक घाईला मानत नाही, हे माझी सासू म्हणायची. कण-बिण तिला माहीत नव्हतं.

उरलेला झाकून ठेव, संध्याकाळपर्यंत चालते. चिकाइतकंच पाणी घे, मीठ, हिंग. पाणी खळखळ उकळू दे, मग एकीनं बारीक धार धरायची आणि दुसरीनं चाटू थांबवायचा नाही. पांढरा रंग जाऊन काचेसारखा झाला, गंजाची कड सोडली, की झाकण ठेवून दोन वाफा. पाण्याचा हात लावून पाहा, चिकटला नाही तर झाला. सोऱ्यात गरमच भर, निवला तर तार येत नाही.

पऱ्हाटी | ७ एप्रिल, रात्री ९.४८

अहवाल क्रमांक दोन.

संध्याकाळी पुन्हा मांडलं. ओला टॉवेल, रिंग २ वर, ट्रिगर चिमटीत. पहिले काही क्षण नुसतं कटकट कटकट. मग फरशीचा एक कोपरा सुटला, दांड्याभोवती पांढरी वळी निघायला लागली. मी काकांचं उलट-सुलट पण करून पाहिलं, त्यानं बुडाचा शेवटचा थर निघाला. चार मिनिटं लागली असतील. आईनं पळी बुडवून उचलली, धार बघितली, परत बुडवली. तिला गाठ सापडत नव्हती आणि ती शोधायचं सोडत नव्हती.

मग ड्रिल बाहेर ठेवलं. धार आईनं धरली, डाव्या हातानं, चाटू माझ्याकडे. दोन मिनिटं काहीच नाही, नुसतं दूध ढवळल्यासारखं, आणि मग एकाएकी चाटू जड झाला. मी घाबरून हात जोरात चालवला तर आई म्हणे, "हळू. आता तो ओढून राहिला न, ओढू दे." मग तिनं वास घेतला. कच्च्या पिठाचा वास गेला की झाकण, म्हणे. मला तो वास गेला की नाही ते कळलंच नाही. तिला कळलं.

तार न तुटता एकसष्ट कुरडया झाल्या. सकाळी गच्चीवर टाकते.

वीजतार | ७ एप्रिल, रात्री १०.०१

बॅटरी?

पऱ्हाटी | ७ एप्रिल, रात्री १०.०३

कूलरसमोर.

मुळामुठा | ८ एप्रिल, सकाळी ८.१७

अभिनंदन! दांड्याचा फोटो आणि माप मिळेल का? आमच्याकडे आईला जमत नाही म्हणून तीन वर्षं कुरडया झालेल्या नाहीत. आणि भांडं केवढं लागेल?

तर्री_पोहे | ८ एप्रिल, सकाळी ८.२०

मोठा गंज घेजा.

पऱ्हाटी | ९ एप्रिल, सायंकाळी ६.३०

माप देते: दांडा १० मिलिमीटर जाड, लांबी दीड फूट, खाली चार बोटं रुंद दोन पाती, कडा गोल घासलेल्या म्हणजे गंजाला ओरखडे पडत नाहीत.

आज पहिली कुरडई तळली. बाबांनी आधी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली, मग पुढच्या दातांनी चावली, मग दाढेनं. मग दुसरी मागितली. फॅब्रिकेटर काकांनी पण एक पुडा मागितला आहे, त्यांच्या बायकोला दाखवायचा म्हणे. राहिलेले दोन किलो गहू उद्या भिजत टाकते.